धरण भरलेलं, नळ कोरडा: पीयूषिका ग्रंथीची लय आणि हातातले रिपोर्ट

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १२ वर्षांचा, शाळेच्या रांगेत कायम सगळ्यात पुढे. कुणीतरी सुचवलं म्हणून ग्रोथ हार्मोनची रक्ततपासणी केलीत. आकडा आला ०.०८. नातेवाइकांनी ‘हार्मोन शून्य आहे, रोज इंजेक्शनं घ्यावी लागणार’ असं सांगून घाबरवलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या लॅबमध्ये तीच तपासणी केलीत, तर आकडा ५.२. त्याच सुमारास पाळी मागेपुढे होते म्हणून तुम्ही स्वतःचं प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, तपासलंत. तेही एकदा ४१ आणि एकदा १८. तुम्ही विचारलंय की कोणती लॅब चुकली, आणि मुलाला रात्री लवकर झोपवलं तर त्याची उंची वाढेल का.

बहुधा कोणतीच लॅब चुकलेली नाही. मुलाच्या बाबतीत तर ती तपासणी अशा पद्धतीनं करायलाच नको होती. सहज म्हणून कधीही रक्त काढून मोजलेल्या ग्रोथ हार्मोनवरून मुलाला कमतरता आहे की नाही हे सांगता येत नाही. एक नवजात बाळं सोडली तर त्या आकड्याचा उपयोग नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच गावांत नळाला पाणी पहाटे येतं, तासभर येतं आणि जातं. दुपारी दोन वाजता कुणी नळ फिरवला, थेंब पडला नाही आणि त्यानं धरण आटलं असं जाहीर केलं, तर आपण त्याला आधी पाण्याची वेळ विचारू. ग्रोथ हार्मोनचं अगदी असंच आहे. रक्तात आल्यावर ते साधारण वीस मिनिटांत निम्मं होतं. दोन लाटांच्या मधल्या काळात निरोगी, उंच, धडधाकट मुलाच्या रक्तातही ते जवळजवळ सापडत नाही. तुमच्या मुलाचं पहिलं रक्त दोन लाटांच्या मध्ये निघालं आणि दुसरं लाट असताना निघालं, एवढंच झालं.

हे असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांच्या, विषयातला हा सगळ्यात सुंदर भाग आहे असं मला तीस वर्षांनंतरही वाटतं.

पीयूषिका ग्रंथी म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढी, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाची गाठ. नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली, हाडाच्या छोट्या खोबणीत ती बसलेली असते. तिच्या लगेच वर हायपोथॅलॅमस आहे. हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशी अगदी सूक्ष्म प्रमाणात संदेशक रसायनं सोडतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या एका खास जाळ्यातून ती थेट पीयूषिकेत उतरतात आणि त्या हुकमानुसार पीयूषिका आपली हार्मोन्स, त्यात ग्रोथ हार्मोनही, सोडते. हे हुकूम सलग येत नाहीत, ठोक्याठोक्यानं येतात. प्रत्येक ठोक्यामागे पीयूषिकेतून हार्मोनची एक लाट निघते.

पूर्वी समज असा होता की दिवसभरात एकूण किती हार्मोन मिळालं हे महत्त्वाचं, ते ठोक्यानं आलं काय आणि सलग आलं काय, सारखंच. हा समज मोडला अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात, अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या गटाला १९७० मध्ये ऱ्हिसस माकडिणींच्या रक्तात एलएच हे पीयूषिकेचं, प्रजननाशी संबंधित हार्मोन साधारण दर तासाला उसळी मारताना दिसलं होतं. पुढं त्यांनी काही माकडिणींच्या हायपोथॅलॅमसमधला हुकूम सोडणारा भागच नष्ट केला. अपेक्षेप्रमाणे एलएच आणि त्याचं जोडीदार हार्मोन एफएसएच दोन्ही तळाला गेली. मग हुकमाचं रसायन, म्हणजे जीएनआरएच, शिरेतून सलग सोडून पाहिलं. सुरुवातीला हार्मोन्स थोडी वर आली आणि नंतर पुन्हा ढेपाळली. मात्रा वाढवूनही फरक पडेना. मग तेच औषध तासातून फक्त सहा मिनिटं दिलं आणि उरलेली चोपन्न मिनिटं पंप बंद ठेवला. दोन्ही हार्मोन्स वर आली आणि वरच राहिली. हे १९७८ साली प्रसिद्ध झालं. ठोके फार जवळजवळ आणले, तासाला पाच केले, तर ग्रंथी पुन्हा गप्प झाली. फार लांब केले, तीन तासांना एक, तर एलएच घटलं आणि एफएसएच वाढलं.

तबल्यात खाली ही जागा रिकामी नसते, तिच्यामुळे ठेका ओळखता येतो. त्या चोपन्न मिनिटांचं काम तसंच आहे. पीयूषिकेच्या पेशींवर जीएनआरएच पकडणारे ग्राहक असतात. रसायन येऊन त्यांना चिकटलं की पेशी काम करते. रसायन हललंच नाही तर पेशी हे ग्राहक आत ओढून घेते आणि आतली साखळीही मंदावते. मधली विश्रांती मिळाली की पेशी पुढचा ठोका ऐकायला परत तयार होते.

यातून दोन उलट उपचार निघाले आणि दोन्ही आम्ही रोज वापरतो किंवा शिकवतो. ग्रंथी गप्प करायची असेल, तर जीएनआरएचसारखंच पण जास्त काळ टिकणारं औषध सलग द्यायचं. ल्युप्रोलाइड आणि ट्रिप्टोरेलिन ही त्यातली नेहमीची नावं. प्रोस्टेटचा कॅन्सर, एंडोमेट्रिओसिस, सहा-सात वर्षांच्या मुलीत फार लवकर सुरू झालेलं वयात येणं, या सगळ्यांत ती चालतात. पहिले काही दिवस हार्मोन्स उलट वाढतात, मग ती बसतात. ‘वाढवणारं इंजेक्शन देऊन कमी कसं होणार, डॉक्टर?’ असं पालक विचारतात तेव्हा मला बरं वाटतं, कारण प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर त्या माकडिणींनी दिलेलं आहे.

दुसरा उपचार म्हणजे ठोका परत मिळवून देणं. एक तरुण माझ्याकडे आला होता, बावीस वर्षांचा. मिसरूड नाही, आवाज कोवळा, लग्नाची बोलणी सुरू झाल्यामुळे घरच्यांनी आणलेला. त्याला विचारलं, ‘आईनं फोडणी दिली की तुला वास येतो का?’ तो म्हणाला, ‘ठसका लागतो. वास म्हणजे काय ते मला कधी कळलंच नाही.’ आई शेजारीच बसली होती. बावीस वर्षांत तिला हे माहीत नव्हतं. ठसका वेगळ्या नसेनं कळतो, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. गर्भात जीएनआरएचच्या पेशी नाकाच्या भागात तयार होतात आणि वासाच्या नसांचा माग धरून मेंदूत जातात. ती वाटच नीट बनली नाही तर वासही जातो आणि ठोकाही. या मुलाची पीयूषिका स्वतः धडधाकट असते, तिला फक्त हुकूम येत नाही. १९८० च्या दशकात बोस्टनमध्ये अशा रुग्णांना कमरेला छोटा पंप लावून दर दोन तासांनी जीएनआरएचचा एकेक ठोका दिला गेला आणि पुरुषांत शुक्राणूंची निर्मितीही सुरू झाली. आपल्याकडे हा पंप क्वचितच वापरला जातो. आम्ही एक पायरी खाली उतरून एचसीजी (हे एलएचसारखं काम करतं) आणि एफएसएचची इंजेक्शनं देतो. या मुलाला तीच दिली. दीड वर्षानं तो दाढी करून आला आणि हनुवटीवर ब्लेडचा काप होता. तो काप त्यानं मला मुद्दाम दाखवला.

आता तुमच्या मुलाकडे वळू.

ग्रोथ हार्मोनच्या दिवसभरात अनेक लाटा येतात आणि साधारणपणे सगळ्यात मोठी येते झोप लागल्यावर, पहिल्या गाढ झोपेत. ती पाहायची तर रात्रभर दर वीस मिनिटांनी रक्त काढावं लागेल. संशोधनात हे करतात, ओपीडीत शक्य नाही. म्हणून आम्ही ग्रंथीला मुद्दाम हाक मारतो. क्लोनिडीनची, म्हणजे मूळच्या रक्तदाबावरच्या औषधाची, गोळी द्यायची आणि लाट येते का ते पाहायचं. मूल उपाशीपोटी सकाळी येतं. हाताच्या मागे एकदाच सुई बसवतो, म्हणजे पुन्हापुन्हा टोचावं लागत नाही. पहिली नळी भरली की गोळी. मग दर अर्ध्या तासानं एक नळी, दोन तासांपर्यंत. तासाभरात मुलाचे डोळे मिटायला लागतात, रक्तदाब थोडा उतरतो, चेहरा फिकट दिसतो. इथं आया घाबरतात, म्हणून मी आधीच सांगून ठेवतो की हे गोळीमुळे आहे. तपासणी संपल्यावर लगेच उठवून चालवायचं नाही. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, पोटभर नाश्ता, अजून तासभर आडवं, मग घरी.

या नळ्यांपैकी कुठल्याही एकीत आकडा मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमच्या वर गेला की ग्रंथीत साठा आहे आणि ती सोडूही शकते असं धरतात. नव्या मोजणीपद्धतींमध्ये बरेच जण ७ ची रेघ मानतात. एका तपासणीत लाट आली नाही तरी निदान करत नाहीत, वेगळं औषध वापरून दुसरी करतात, कारण निरोगी मूलही एखाद्या हाकेला ओ देत नाही. मूल लठ्ठ असेल तर लाट मुळातच बुटकी येते. वयात यायच्या उंबरठ्यावरच्या मुलांत, म्हणजे अगदी तुमच्या मुलाच्या वयात, लाट तात्पुरती कमी दिसू शकते. म्हणून काही डॉक्टर आधी थोडे दिवस टेस्टोस्टेरॉन देऊन मग तपासणी करतात. हे सगळं धरलं की तुमच्या ०.०८ ची किंमत काय उरते ते दिसेल.

पण ताई, ही तपासणीही लगेच करायची नसते. आधी टेप आणि तक्ता. मुलगा वर्षाला किती सेंटिमीटर वाढतो? या वयात, वयात येण्याची चिन्हं दिसण्याआधी, वर्षाला ५ च्या आसपास वाढत असेल तर ग्रोथ हार्मोनची खरी कमतरता असण्याची शक्यता कमी. ४ पेक्षा कमी असेल तर मी कान टवकारतो. त्याची उंची भारतीय मुलांच्या तक्त्यावरच मांडा. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी काम करून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे ५ ते १८ वर्षांसाठीचे सुधारित तक्ते २०१५ मध्ये आणले, ते कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे मिळतील. तुमची दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, त्यात १३ घाला आणि निम्मं करा. मुलाची अपेक्षित उंची साधारण तिथं येते. आणि त्याच्या बाबांना विचारा, ते कॉलेजात गेल्यावर एकदम उंच झाले होते का? बरीच मुलं बापासारखी उशिरा वाढणारी असतात. डाव्या हाताच्या पंजाच्या एक्स-रेमध्ये हाडांचं वय कळतं. ते दोन वर्षं मागे असेल तर वाढायला तेवढा वाव शिल्लक आहे.

सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, गहू न सोसणाऱ्या सीलिअॅक आजाराची तपासणी आणि आयजीएफ-१. हे शेवटचं यकृतात ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून तयार होतं आणि रक्तात प्रथिनांना धरून राहतं, त्यामुळे दिवसभर जवळपास सारखं असतं. नळाऐवजी टाकीची पातळी पाहिल्यासारखं. मात्र मुलाचं खाणं कमी असेल तर तेही घसरतं, म्हणून वजनाशिवाय तो आकडा वाचायचा नाही.

हीच लय दुसऱ्या एका हार्मोनमध्ये फार नाट्यमय दिसते, ते म्हणजे कॉर्टिसोल. पीयूषिका एसीटीएच सोडते, त्यानुसार मूत्रपिंडांवरची अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन बनवते. त्यात तासातासाच्या लहान लाटा असतात आणि त्यांच्यावर चोवीस तासांचा एक मोठा चढउतार. पहाटेपासून चढत जाऊन उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त, मध्यरात्री तळाला. कुशिंग सिंड्रोममध्ये, म्हणजे कॉर्टिसोल कायम जास्त राहण्याच्या आजारात, ज्यात बरेचदा पीयूषिकेतच छोटी गाठ असते, सकाळचा आकडा कित्येकदा नॉर्मल येतो. बिघाड दिसतो रात्री, कारण तळ हरवलेला असतो. निवासी डॉक्टर असताना मी हे रक्त काढायला मध्यरात्री वॉर्डात जायचो. रुग्णाला संध्याकाळीच सुई बसवून ठेवलेली. दिवा लावायचा नाही, चपला दाराशी काढायच्या, बॅटरीचा उजेड भिंतीवर पाडायचा आणि रुग्ण जागा व्हायच्या आत नळी भरायची. तो दचकून उठला तर ताणानं कॉर्टिसोल वर जातं आणि रात्र फुकट जाते. आता रात्री अकराला घरीच लाळ देऊन ही तपासणी होते. कायम रात्रपाळी करणाऱ्यांना ती लागू नाही, त्यांचा तळ भलत्याच वेळी असतो.

आमवात, दमा यासाठी स्टेरॉइडची गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात तेही याचमुळे: शरीराची स्वतःची लाट सकाळी असते, तिच्यावर गोळी बसली की रात्रीचा तळ थोडाफार वाचतो. महिनोन्महिने गोळी चालू राहिली तर पीयूषिका हुकूम द्यायचंच थांबवते. मग ती अचानक बंद करणं धोक्याचं: उलट्या, गळून जाणं, रक्तदाब कोसळणं. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या घेणाऱ्या कितीतरी आज्या मी अशा पाहिल्या आहेत, चेहरा गोल सुजलेला आणि स्वतःचं कॉर्टिसोल जवळजवळ शून्य. पुडीत स्टेरॉइड होतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. घरात कुणी अशी पुडी घेत असेल तर ती मनानं बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू उतरवा.

थायरॉइडचं थोडक्यात: टीएसएच रात्री चढतं आणि दुपारी उतरतं. सकाळी ४.९ आणि संध्याकाळी ३.४ यात आजार बदललेला नसतो. दर वेळी एकाच वेळेला, शक्यतो एकाच लॅबमध्ये रक्त द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगा, त्यानं काही यंत्रांवर आकडे चुकतात.

आता तुमचं प्रोलॅक्टिन. बाकीच्या हार्मोन्सना वरून ‘सोड’ असा हुकूम येतो, याला मुख्यतः ‘थांब’ असा येतो, डोपामाइनचा. तो हुकूम जरा सैल पडला की प्रोलॅक्टिन वाढतं. झोपेत वाढतं, उठल्यावर तास-दोन तासांत उतरतं. सुई टोचल्याच्या भीतीनं वाढतं, धावतपळत लॅब गाठल्यानं वाढतं, बाळ अंगावर पीत असेल तर वाढतं. तुम्ही लिहिलंय की पहिल्या दिवशी सकाळी सातला उठल्या उठल्या, मुलाच्या काळजीत, रांगेत उभं राहून रक्त दिलंत. ४१ त्यातच आलं. दुसरं अकरा वाजता, निवांत. ते १८. मी दुसऱ्यावर विश्वास ठेवीन. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या मोठ्या गाठींत आकडे बहुधा २०० च्या पुढे असतात, त्यामुळे ४१ पाहून एमआरआयला धावण्याची गरज नाही.

एक मात्र तपासा. अॅसिडिटीसाठी काही गोळी चालू आहे का? पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड घातलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास मिळतात आणि ही दोन्ही औषधं डोपामाइनचा ‘थांब’ अडवतात. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. पाळी अजूनही मागेपुढे होत असेल तर गरोदरपणाची तपासणी आधी, मग थायरॉइड, मग कॅप्सूल डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवून प्रोलॅक्टिन पुन्हा एकदा: उठल्यावर दोन-तीन तासांनी, लॅबमध्ये वीस मिनिटं शांत बसून.

राहिला झोपेचा प्रश्न. ग्रोथ हार्मोनची रात्रीची लाट घड्याळापेक्षा झोपेला बांधलेली आहे. मूल दहाला झोपलं तर ती दहानंतर, अकराला झोपलं तर अकरानंतर. कॉर्टिसोल तसं नाही, ते मुख्यतः आतल्या घड्याळाला बांधलेलं आहे. म्हणून ‘साडेनऊच्या आत झोपला नाही तर हार्मोन वाया गेलं’ हे खरं नाही. बारा वर्षांच्या मुलाला नऊ तास तरी सलग झोप हवी, ती मिळेल अशा वेळी झोपवा आणि सकाळची शिकवणी त्याप्रमाणे लावा. लवकर झोपवल्यानं आईबापांकडून आलेली उंची बदलणार नाही आणि उंची वाढवण्याच्या पावडरीनंही बदलणार नाही. तेवढे पैसे दूध, अंडी, डाळ यावर घाला.

भेटायला येताना त्याची लसीकरणाची फाइल आणा, तिच्यात जुन्या उंची-वजनाच्या नोंदी असतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकातही वर्षाची उंची लिहिलेली असते, तीही चालेल. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या खुणा केल्या असतील तर त्यांचा तारखेसकट फोटो काढून आणा. ०.०८ चा रिपोर्ट नाही आणला तरी चालेल.